कौसरचे थंड अणू

पिंपळगाव राजाला दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या फकीर मोहम्मद मिस्त्रींची मुलगी कौसर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अणू थंड करायची. इतके थंड, की त्यांची हालचाल जवळजवळ थांबायची. मग त्या अणूंना ती अशा अवस्थेत न्यायची, जशी टोकावर उभी केलेली काठी. सोडली की पडणारच. मायक्रोवेव्हचे झटके नेमक्या वेळी देत राहिलं तर पडणार नाही, असं गणित सांगत होतं. चार वर्षं झाली तरी पडतच होती. कधी लेझर बिघडायचा, कधी झटका चुकीच्या क्षणी बसायचा.

२०१७च्या दिवाळीआधी आईचा, नूरबीचा फोन आला. "अब्बाले नीट दिसून नाही राह्यलं. ये."

त्या साली बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली होती. लोक फवारून थकले होते आणि फवारणीचे पंप बिघडले की मिस्त्रींकडे आणत होते. विषारी औषधाने ओले पंप मिस्त्री उघड्या हातांनी खोलत. डोळे सुजले, हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी पंपाला शिवू नका म्हणून बजावलं. मग गावी आलेली कौसरच हातमोजे घालून दुकानात बसली.

एका दुपारी अब्बा म्हणाले, "तू तिथं करते तरी काय? मले कोणाले सांगताच येत नाही."

शब्दांत समजावण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या मोटरच्या शिलाई मशीनवर, सुईच्या दांड्याला तिने एक हलकी पट्टी खिळीने सैल अडकवली. पट्टी खाली लोंबली. मशीन जोरात सुरू करून तिने ती बोटाने वर उभी केली आणि बोट काढलं. पट्टी उभीच राहिली. टिचकी मारली, तर डुलून पुन्हा सरळ.

अब्बांनी डोळे किलकिले केले. "कोणी धरलं नाही तिले?"

"कोणीच नाही. नुसते हादरे. तसेच अणूंले द्यायचे हायेत."

सकाळी दुरुस्तीला टाकलेला पंप न्यायला आलेले शेतकरी रंगराव दारातून पाहत होते. "भारी आहे पोरी," ते म्हणाले, "पण माह्या पंपाचं झालं काय?"

तिने मशीन बंद केलं आणि पंप पुढे ओढला.

डिसेंबरात अब्बांची नजर सुधारली, हातांचा कंप राहिलाच. कौसर पुण्याला परतली. मार्चमधल्या एका दुपारी प्रयोगशाळेतल्या पडद्यावरची, अणू पडले की कोसळणारी रेघ खाली आली नाही. तिने पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, मग घरी फोन लावला.

"अब्बा, अणू उभे राह्यले."

"किती वेळ?"

"दोन सेकंद. आधी पाव सेकंदही नव्हते टिकत."

"चार वर्षांचे दोन सेकंद," अब्बा म्हणाले. "बरं झालं बेटा. जेवली का?"

ती जेवली नव्हती. फोन कानाला धरूनच तिने डबा पुढे ओढला.