अप्पांचं मऊ पाणी

दर शनिवारी सकाळी आमचे शेजारी शिवलिंगअप्पा मोरीजवळच्या नळीखाली ओंजळ धरत, पाणी जिभेला लावत आणि थुंकत. "अजून खारट हाय," असं स्वतःलाच सांगत आणि थोड्या वेळानं पुन्हा चाखत. अप्पा आता नाहीत. लातूरच्या आमच्या गल्लीत पाणी इतक्या गांभीर्यानं चाखणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

अप्पांचं निलंग्याला किराणा दुकान होतं. म्हातारपणी ते विकून नवरा-बायको इथे राहायला आले आणि वर्षाच्या आत बायको गेली. मुलगा, सून आणि दोन नाती पुण्याला. आमच्या बोअरचं पाणी असं जड, की बादलीला पांढरा थर बसतो, डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. एका दिवाळीत सून म्हणाली, "इथल्या पाण्यानं केसांचा झाडू होतो. मुलींच्या अंगाला खाज सुटते." त्यानंतर त्यांचं येणं थांबलं. अप्पांनी सुनेचं बोलणं शब्दशः खरं मानलं आणि पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं.

त्याचं रीतसर उद्घाटन झालं. नारळ फुटला. यंत्र विकणाऱ्या टायवाल्या तरुणानं बाटलीत साबण घालून फेस करून दाखवला, तेव्हा गल्लीतल्या प्रतिष्ठितांनी टाळ्या वाजवल्या. फेसाला टाळ्या पडताना मी सभासंमेलनांत पुष्कळदा पाहिलं आहे. इथे निदान साबण खरा होता.

यंत्राच्या पोटात बारीक मणी असतात. ते पाण्यातला क्षार धरून ठेवतात. मणी क्षारानं भरले, की मिठाचं पाणी सोडून ते मोकळे करायचे आणि खारटपणा जाईपर्यंत धुवायचे. गंमत अशी, की अप्पा स्वतः ते मऊ पाणी वापरतच नसत. ते हौदातल्या जड पाण्यानंच आंघोळ करत.

"अप्पा, वापरच नाही तर मणी भरतील कशानं? दर शनिवारी मीठ कशाला घालता?"

"आन् पोरी आल्या, फेसच न्हाई आला, मग? सूनबाईला काय तोंड दाखवू?"

"अहो, येण्याआधी फोन करतात लोक."

"तुमच्याकडं तर फोन करूनबी कुणी येत न्हाई, सर. तुम्हाला काय ठावं?"

घरी जाऊन मी पुस्तक उघडलं.

यंदाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या मे महिन्यात ती मंडळी खरोखर आली. आठ दिवसांसाठी. पहिल्याच सकाळी सून ओले केस पुसत अंगणात आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "अप्पा, पाणी किती छान झालंय हो! पुण्यापेक्षा बरं." अप्पांनी दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या गल्लीत पोचवली. नाती "अज्जा, अजून फेस!" म्हणत न्हाणीघरातून बाहेर पडेनात. अप्पा दाराबाहेर स्टुलावर बसून ते नुसतं ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "मुलींना करमत नाही इथं, अप्पा. दिवाळीला बघू." भांडण नाही, रुसवा नाही. जेवणं झाली, सामान भरलं, गाडी गेली.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा अप्पा पायरीवर बसले होते.

"पाणी वाईट होतं तवाच बरं होतं बघा, सर," ते म्हणाले. "मनाला सांगायला कायतरी होतं."

अशा वेळी उपयोगी पडतील अशी वचनं मला बरीच पाठ आहेत. त्यातलं एकही काढावंसं वाटलं नाही. अप्पा उठले, आत गेले आणि मिठाचं अर्धं पोतं ओढत बाहेर आले.

"हे न्या. खडेमीठ हाय, साफ. लोणच्याला घाला."

"दिवे लागलेत, अप्पा. सकाळी नेतो."

दिवेलागणीनंतर घरातलं मीठ बाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, असं आमच्याकडे मानतात. दुकानात असताना अप्पांनी त्या वेळेला गिऱ्हाइकाला मीठ कधी दिलं नव्हतं. बायाबापड्या परत फिरायच्या.

"लक्ष्मी दुपारीच गेली की, गाडीत बसून," अप्पा म्हणाले. "न्या तुम्ही."