उस्तादांची डावी बाजू

चौथीतच शाळा सुटली. आज घरापासून इतक्या दूर, मद्रासेत, मोटारीचा मिस्त्री म्हणून पोट भरतो, ते एका माणसाच्या मेहेरबानीनं. त्या माणसाशी मी कसा वागलो, ते लिहून ठेवतो.

एका विलायती मोटार कंपनीचा शर्यतीचा ताफा दर हिवाळ्यात जालन्याला यायचा. छावणीच्या जुन्या मैदानावर गाड्या पारखायच्या, मंग मुंबईच्या शर्यतीला न्यायच्या. ताफ्याचे पहिले ड्रायव्हर आमचे उस्ताद, जालन्यातल्याच मस्तगडचे. कुंभार पिंपळगावाहून आलेल्या मला त्यांनी कामाला लावलं, घरी जेवू घातलं, आणि पुढं शर्यतीत शेजारी बसवलं. तेव्हा ड्रायव्हरच्या डाव्या हाताला मिस्त्री बसायचाच.

त्यांच्या डाव्या डोळ्यापुढं अंधार आल्ता, हे फक्त मला ठाऊक. डावीकडून गाडी आली की मी त्यांच्या मांडीवर एक थाप मारायचो, वाट मोकळी झाली की दोन. अशी दोन वर्षं जिंकलो.

तिसऱ्या वर्षी ताफ्याच्या इंग्रज साहेबानं शेजारची बैठकच उचकटून काढली. "दूसरा आदमी नहीं. गाडी हलकी चाहिए."

मी उस्तादांना बाजूला घेतलं. "आता कसं?"

"कसं म्हंजे? चालवीन बराबर. भ्यालास काय रे पिंपळगावच्या? तुझ्या बैलगाडीपेक्षा तर सरळच चालवतो."

"उस्ताद, बैलाला दोन डोळे असतात."

ते हसले न्हाईत. "बोललास कुणाला, तर माझी गाडी गेली समज. दुसरं मला काय येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पारख होती. पाच गाड्या एकदम सुटणार होत्या. डावीकडून कुणी घुसलं, तर थाप मारायला मी नसणार होतो. उस्ताद हातमोजे चढवून राह्यले होते, तेवढ्यात मी साहेबाकडं गेलो अन् सांगून टाकलं.

साहेब चालत उस्तादांच्या डाव्या अंगाला आला आणि न बोलता रुमाल हलवत राह्यला. उस्ताद समोर बघत गाडीत बसले होते. बाकी सगळ्यांना रुमाल दिसत होता.

त्यांना उतरवलं. गाडी दुसऱ्याला दिली. मला वाटलं, आता कानफाडात मारतील. त्यांनी हातमोजे माझ्या हातात दिले आणि पायीच मस्तगडची वाट धरली.

दुपारी भीत भीत घरी गेलो. उस्ताद ओट्यावर बसले होते. मैदानावरच्या गाड्यांचा आवाज तिथवर येत होता.

"जेवलास?"

"न्हाई."

"आत जा, भाकर हाय." मंग मान कलती करून ऐकू लागले. "वळणावर गिअर उशिरा टाकून राह्यला तो नवा. सांग त्याला."

"तुम्हीच सांगा ना, उस्ताद."

"मी कोण आता?" ते म्हणाले. "जल्दी जेव आणि जा. तुझी नोकरी हाय तिथं."