मास्तरांचा डावा हात

आमच्या सोलापूरच्या दवाखान्यातल्या किरणमास्तरांना स्वतःच्या डाव्या हाताचे एकूणएक हाड ओळखीचे होते. रोज सकाळी पहिला रोगी आत घेण्याआधी ते खोली अंधारी करीत, क्ष-किरणांची नळी चालू करीत आणि ती नीट चालते का पाहायला तिच्यापुढे हात धरीत. समोरच्या पडद्यावर बोटांची हाडे स्वच्छ उमटली की म्हणत, "आधी माझा हात, मग रोग्याचा." ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले, तेही असेच करीत.

मूळचे ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे, म्हणून मास्तर. एकदा नातेपुत्याकडचा एक मेंढपाळ हात मोडलेल्या मुलीला घेऊन आला आणि दारातच अडला. "आतलं समदं दिसतं म्हंत्यात. मंग पाप बी दिसत आसंल की, मास्तर?"

"न्हाय बाबा, नुसतं हाड दिसतं. पापाचं यंत्र निघालं तर पहिलं आमच्या दवाखान्याच्या कमिटीपुढं लावू."

मेंढपाळ हसला, मुलगी आत गेली, हाड नीट बसले.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. सर्व रोगांवरचे रेडियमचे पाणी म्हणून बाजारात बाटल्या विकणाऱ्या भामट्यांवर मी पत्रक लिहिले आणि तपासून घ्यायला त्यांच्याकडे नेले. मास्तरांनी त्यातले 'नराधम', 'रक्तपिपासू' सगळे खोडले. "अरे, विशेषणं कसली फेकतोस? बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत नाही, एवढं लिही. तेवढ्यानं तो पळेल." मला राग आला. छापले मात्र त्यांचेच.

त्या दिवशी कागद दाबून धरलेला त्यांचा डावा हात मी नीट पाहिला. कातडी भेगाळलेली, नखे काळी, एका बोटावर न भरणारी जखम. विचारले तर म्हणाले, "हवेनं फुटलाय." साफ खोटे! सोलापूरची हवा काय एकाच हाताला लागते?

तो रोजच्या किरणांनीच जळत होता आणि कमिटी नुसती बघत होती. मी संतापून तिच्याविरुद्ध पत्रक लिहिले. मास्तरांनी ते फाडले. "लोक भितील, खोली बंद पडेल. मग मोडलेलं हाड पुन्हा चाचपतच बसवायचं?"

"आणि तुमच्यानंतर येईल तोही हातच घालणार ना?" मी ओरडलो. "तुम्हीच शिकवाल त्याला!"

मास्तर खाली बसले.

त्याच आठवड्यात मेंढपाळ मुलीचा हात दाखवायला परत आला. मास्तरांनी त्याच्याकडे बकरीचा पाय मागितला. "रस्सा करताय व्हय?" त्याने विचारले. "रस्सा तू खा, हाडं मला दे." ती हाडे उकळून त्यांनी मेणात बसवली. दुसऱ्या दिवसापासून नळीपुढे तीच टांगली आणि स्वतः किरण अडवणाऱ्या शिशाच्या पत्र्याआड उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच पत्रक लिहिले: "दुखत नाही म्हणून इजा होत नाही, असे मी समजलो. चूक माझी. हात घालू नका. बकरीचे हाड पुरते." जिथे जिथे असे यंत्र असल्याचे कळले, तिथे तिथे मी ते धाडले.

तरीही त्यांची दोन बोटे कापावीच लागली. मास्तर हाताला पट्टी बांधून खाटेवर पडले असताना विजापूरकडच्या एका दवाखान्यात हेच काम करणाऱ्याचे पत्र आले. माझ्या पत्रकांना आजवर शिव्या आल्या होत्या, उत्तर कधी आले नव्हते. मी मोठ्याने वाचले, "आजपासून हात घालणे बंद केले. माझी बोटे अजून शाबूत आहेत."

मास्तर उठून बसले. म्हणाले, "शेवटचं तेवढं परत वाच."