धुऱ्यानं जाणारा रणगाडा

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघं रणगाड्यात बसायचो. म्हणजे भाऊजी हिंगणघाटला त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत, मी सिंदी मेघेला जेवणाच्या टेबलाशी, आणि रणगाडा दोघांच्या कॉम्प्युटरवर. ते ड्रायव्हर, मी तोफेवर. त्या रविवारी सव्वादहा झाले तरी पडद्यावर त्यांचं नाव हिरवं होईना. भाऊजी आणि उशीर? दोन टोमणे तयार ठेवून मी फोन लावला, तो ताईनं उचलला. "चहा घेतला अन् बसल्या जागी मान टाकली रे... डॉक्टर आत्ताच पाहून गेला," ती म्हणाली. हेडफोन काढायचंही मला सुचलं नाही. एका कानात ताईचं रडणं आणि दुसऱ्या कानात त्या खेळाचं वाट बघायला लावणारं संगीत वाजत राहिलं.

त्याला आता दीड महिना झाला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दामोदर भाऊजी. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या आणि हैदराबादचा रस्ता धरायचा. मी शाळेत गणित शिकवत होतो, म्हणून मी 'मास्तर'. साळ्याची थट्टा करणं हा जावयाचा हक्कच, आणि तो त्यांनी आयुष्यभर वसूल केला. माझं स्कूटर चालवणं पाहून एकदा भर मांडवात म्हणाले होते, "मास्तर गाडी चालवत नाई, गाडीले विनंती करते."

मग त्यांना लकवा झाला. वाचा शाबूत राहिली, उजवी बाजूही वाचली, डावा हात काही महिन्यांत बराचसा सुधारला. डावा पाय मात्र रुसला तो रुसलाच. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी विसरा, पण व्यायाम विसरू नका. भाऊजींनी नेमकं उलटं केलं. व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचे आवाज ऐकायचे. "काऊन बे, तिसरा टाक न आता," असं न दिसणाऱ्या ड्रायव्हरवर खेकसायचे. ताई मला फोनवर सांगायची, "मानूस घरात आहे, पन घरात नाई." त्या दिवसांत आम्ही त्यांना गमावतोय, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मी काहीच करत नव्हतो.

पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीनं, रश्मीनं, मग बाबांसाठी कॉम्प्युटर, पायाशी ठेवायचे तीन पेडल आणि हा रणगाड्याचा खेळ पाठवला. मी मनात म्हटलं, आधीच मर्कट... पण हा खेळ धडाधड गोळ्या झाडणाऱ्यांतला नव्हता. यात रणगाडा चालू करायलाच दहा खटके क्रमानं दाबावे लागतात. आधी तेलाचा पंप, मग डिझेलचा, मग इंजिन, आणि ते गरम झाल्याशिवाय हलायचं नाही. गियर चुकला की गाडी बंद. माहितीचं पुस्तक इंग्रजीत, दोनशे पानांचं. मी त्याचं मराठी करून शंभर पानी वही भरली आणि मोठ्या ऐटीत हिंगणघाटला घेऊन गेलो. भाऊजींनी वही उशाशी ठेवली, आकृत्या तेवढ्या पाहिल्या आणि म्हणाले, "गाडी आहे न? मंग ते सांगन काय पाह्यजे ते."

क्लच आपोआप चालेल अशी सोय त्या खेळात होती. मी ती लावायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. क्लच नाई तं ड्रायव्हर कायचा?" आणि त्या रुसलेल्या पायानं ते पेडल दाबू लागले. पहिले दोन आठवडे मी तिथंच मुक्काम ठोकला होता, आणि रणगाडा जागचा हलला नाही. नुसते आचके देऊन बंद पडायचा. भाऊजी घामाघूम व्हायचे, शिव्या घालायचे, पुन्हा तेलाच्या पंपापासून सुरुवात करायचे. ताई दाराआडून बघायची आणि मला खुणेनं सांगायची, बोलू नको. ज्या दिवशी रणगाडा पहिल्यांदा न अडखळता पन्नास-साठ पावलं गेला, त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली.

माझं काम तोफेचं. शत्रू किती लांब आहे ते काढायला सूत्र आहे, आणि सूत्र म्हटल्यावर मी खूश. मी वहीत भागाकार मांडेपर्यंत समोरचा आम्हाला उडवून मोकळा व्हायचा. भाऊजींचा हिशेब वेगळा होता. "वडनेर फाट्यापासून पुलापर्यंत आहे न, तितकंच आहे. मार." मी तेवढं अंतर धरून मारायचो आणि लागायचं! तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची याहून मोठी बेइज्जती काय असेल?

तरी आम्ही बहुतेक वेळा हरायचो, आणि त्याला कारण भाऊजी. त्या खेळातल्या परदेशी गावांभोवती गव्हाची शेतं असतात, कापणीला आलेली. शेतातून सरळ गेलं तर आडोसाही मिळतो आणि अंतरही वाचतं. भाऊजी मात्र रणगाडा धुऱ्याधुऱ्यानं न्यायचे. उघड्या बांधावरून, शत्रूकडे अख्खी कूस करून!

"भाऊजी, आत घ्या!"

"उभं वावर आहे, मास्तर. पाप लागन."

एकदा जिंकत आलेली लढाई अशीच हातची गेली. मी चिडलो. हेडफोनवर ओरडलोच, "अहो, ते शेत खोटं आहे! गहू खोटा, माती खोटी, सगळं खोटं!"

ते म्हणाले, "शेत खोटं असन. ड्रायव्हर तं खरा आहे न?"

 तोवर मी समजत होतो की मी एका आजारी माणसाचं मन रमवतोय. त्या दिवसापासून मी त्यांना आत घ्या म्हटलं नाही. त्यांनीही माझी अडचण ओळखून तोडगा काढला, "बर्फाचा नकाशा लाव, तथी पीक नसते." मग भर मे महिन्यात, कूलरसमोर बसून, आम्ही दोघं बर्फातून रणगाडा हाकत होतो.

दर रविवारी खेळ आटोपला की मी विचारायचो, "पाय कसा आहे?" उत्तर ठरलेलं, "तसाच." शेवटी भेटलो तेव्हाही तेच. काठी घेऊन फाटकापर्यंत पोचवायला आले, पण पायाचं विचारलं तर "तसाच." मला ते खरं वाटायचं. दीड वर्षात पेडल दाबायला लागणारा त्यांचा वेळ काही कमी झाला नव्हता, हे मी रणगाड्याच्या चालीवरून ओळखत होतो. मास्तर ना मी, माझं निरीक्षण पक्कं!

मागच्या आठवड्यात ताईनं भाऊजींचं सामान बांधायला बोलावलं. त्यांच्या खुर्चीत बसून मी सहज डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. पेडल हललं नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. वाकून पाहिलं तर पेडलखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक जाडजूड स्प्रिंग बसवलेली. बाजूला बिस्किटांच्या डब्यात आणखी पाच. सगळ्यात बारीक करंगळीएवढी, मग चढत्या जाडीच्या.

"आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून आनत होते," ताई म्हणाली. "पायात जरा जोर आला का जड स्प्रिंग लावत. मले म्हनत, मास्तरले सांगू नोको. ट्रकच्या क्लचएवढा जड झाला का मीच सांगतो."

मी विचारलं, "मग... झाला होता?"

"मले त्यातलं काय समजते? पन दिवाळीपासून नवीन स्प्रिंग नाई मांगतली. म्हनत होते, मास्तर आता घरी आला का त्याची गाडी मांगतो. जिनिंगच्या आवारात एक चक्कर मारतो, अन् त्याले बाजूले बसवतो."

दिवाळीनंतर मी हिंगणघाटला गेलोच नव्हतो. दर रविवारी भेट होतेच आहे की, असं स्वतःला सांगत होतो.

दोन्ही पाय एकावर एक ठेवून, खुर्चीला पाठ रेटून मी दाबलं, तेव्हा कुठं ते पेडल खाली गेलं. मग मी उठलो. अंगणात माझी गाडी उभी होती. दार उघडून मी डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो आणि चावी उजवीकडच्या रिकाम्या सीटवर ठेवली. ताई दारातून पाहत होती. बऱ्याच वेळानं ती आली, काचेवर टकटक केली आणि म्हणाली, "उतर आता. चहा थंडा होऊन राह्यला."