मामांचे पितर आणि कानाचे डॉक्टर

गेलेल्या माणसांकडून जिवंतांची कामं करून घेण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडणार नाही. मामा तारनाक्याला राहतात, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी "तुमचे वडील कशाने गेले?" असं विचारतात. एकदा आमच्या विद्यानगरच्या घरी माझ्या ऑफिसातला, पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा चहाला आला होता. त्याने वडील नसल्याचं सांगताच मामा खुर्ची ओढून जवळ सरकले आणि म्हणाले, "अरे वा! कशाने?" त्या मुलाच्या हातातला चहा बशीत सांडला. नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनात, मामींसाठी शाल घेताना त्यांनी शालवाल्यालाही सोडलं नाही. "वालिद काहे से गुजरे?" असं त्याला विचारलं. तो म्हणाला, अल्लाच्या मेहेरबानीने ठणठणीत आहेत. मामांचा चेहरा पडला. "उमर क्या है जी उनकी?" त्यांनी आशेने विचारलं. मामींनी शाल तिथेच टाकली आणि मामांना दंडाला धरून बाहेर काढलं.

यामागे मामांची एक योजना आहे, आणि ती सांगितली की ऐकणारा आधी हसतो आणि मग खिशात हात घालतो. मामांचं गाव बासरच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळाला लागून. तिथे तापाची गोळी मिळते, पण मोठा डॉक्टर बघायचा तर दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावं लागतं. म्हणून मामा शहरातला डॉक्टरच गावी नेतात, श्राद्धाच्या निमित्ताने. वडिलांच्या तिथीला तुम्ही ब्राह्मण जेवू घालता, तर यंदा डॉक्टर जेवू घाला. गाडी, औषधं, डॉक्टरांची दक्षिणा सगळं तुमच्याकडून. तुम्ही स्वतः गावी यायचं आणि डॉक्टरांना पाटावर बसवून हाताने वाढायचं. खीर-वडे मामी करून देतात. डॉक्टर कोणता, ते मात्र तुमच्या वडिलांनी ठरवलेलं असतं. हृदयाने गेले असतील तर हृदयाचा, मूत्रपिंडाने गेले असतील तर मूत्रपिंडाचा. एकांचे आजोबा म्हशीने ढुशी देऊन गेले होते, त्यांच्या नावाने मामांनी हाडांचा डॉक्टर नेला. झोपेत शांतपणे गेलेल्या माणसांवर मात्र त्यांचा राग आहे. "असली माणसं जाताना समाजाच्या काही उपयोगी पडत नाहीत," असं ते चारचौघांत, त्यांच्या मुलांच्या तोंडावर म्हणतात.

घोटाळा असा झाला की आपल्याकडे माणसं बहुतेक हृदयानेच जातात. त्यामुळे गावात हृदयाचे डॉक्टर एकामागून एक येऊ लागले. कोंबड्या सोडल्या तर गावात ईसीजी काढायचं कुणी उरलं नाही. शेवटी एका श्राद्धाला गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई मामांपुढे कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मामा, हार्टवाले नक्को आता. लेकरांचे कान वाहायलेत. कानवाला आना." सारिका नावाच्या एका पोरीला त्यांनी पुढे ओढलं. पोरगी काही विचारलं की नुसती बघत राहायची. मास्तर म्हणायचे लक्ष नाही, बाप म्हणायचा हौली आहे, डोक्याने अर्धवट. कापूस वेचणीला सुरुवात झाली की तो तिला शाळेतून काढून शेतात नेणार होता.

मामा परत आले ते बेचैन होऊन. कानाने कुणी मरत नाही, ही देवाची चूक त्यांच्या तेव्हा लक्षात आली. मी म्हटलं, "नियम मोडा की मामा. सरळ पैसे मागा, न्या कानाचा डॉक्टर." ते माझ्यावर उखडले. "जावईबापू, नियम मोडला की ती वर्गणी होते. वर्गणीवाल्याला बघून लोक दार लावून घेतात. श्राद्धाला नाही म्हणायची कुणाची छाती नाही." मग ते सत्यनारायणाच्या पूजा, बारशी, मुंजी असं जिथे तिथे "तुमच्यात कुणी बहिरं होतं का हो?" विचारत हिंडू लागले. लोक त्यांना आमंत्रणं द्यायला कचरू लागले. तिकडे कापूस फुटायला लागला होता.

एका संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत बसलो असताना मी चेष्टेने विचारलं, "सगळ्यांचे बाप काढता मामा, तुमचे वडील कशाने गेले?"

मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "गाव म्हणतं, गाडीने गेले. रुळापलीकडे शेत होतं आमचं. ड्रायव्हरने लांबून शिटी दिली होती म्हणे." मग हळूच म्हणाले, "कानाने गेले ते. लहानपणापासून कान वाहायचे दादांचे. गाव बहिरा म्हणून हसायचं, आम्ही पोरंसुद्धा हसायचो."

मामी आत वाती वळत होत्या, त्या थांबल्या. चेष्टेत विचारल्याचं मला फार वाईट वाटलं.

दादांच्या तिथीला कानाच्या डॉक्टरीणबाई गावी गेल्या. मी गाडी चालवायला होतो. त्यांनी सारिकाचे कान साफ केले, नळीतून बघितलं आणि दोन्ही पडद्यांना भोकं आहेत म्हणाल्या. आधी औषधाने कान कोरडे करू, मग छोटं ऑपरेशन. बाप दारात उभा होता. "म्हंजे पोरगी हौली न्हाई?" "कमी ऐकू येतं तिला. बाकी तुमच्या-माझ्यासारखी आहे. तोवर शाळेत पहिल्या बाकावर बसवा." बाप म्हणाला, "बसवतो."

जेवायला वेळ झाला. डॉक्टरीणबाई पाटावर बसल्या. एरवी श्राद्धाला मामांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. त्या दिवशी ते एक शब्द न बोलता, वाकून वाढत होते. खिरीवर तूप घालताना तेवढं म्हणाले, "थोडा उशीर झाला बाई तुम्हाला. पण आलात, बरं झालं."

"हो ना, सॉरी," त्या म्हणाल्या, "वाटेत कामारेड्डीला केवढा ट्रॅफिक होता."

मामांनी मान डोलावली आणि त्यांना आणखी एक वडा वाढला.