मोठ्या बाईंची शुगर

मोठ्या बाई वर्गात शिरल्या की आम्ही कुणी न सांगता बाह्या झटकून दाखवायचो. दुसरबीडच्या आमच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि कॉपीची चिठ्ठी त्यांना वासावरून कळते, असा गावाचा समज होता. त्यांनी पकडलेल्या पोरांत त्यांचा स्वतःचा मुलगाही होता. तो पुढे पुण्यात इंजिनिअर झाला, तरी त्याची ओळख करून देताना बाई सातवीतली ती चिठ्ठी सांगायच्याच.

अशा बाईंनी निवृत्तीनंतर शुगरच्या तपासणीत मात्र चक्क लबाडी चालवली होती. मी चिखलीत रक्त तपासणीची लॅब काढली तेव्हापासून त्या माझ्याकडेच यायच्या. यायच्या आधी दोन-तीन दिवस भात-भाकर बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी लांबवर चालणं. रिपोर्ट स्वच्छ. एकदा मी म्हटलं, "बाई, ही कॉपीच झाली की."

"परीक्षेच्या आधी अभ्यास केला तं त्याले कॉपी म्हणत नाहीत, पोरी," त्यांनी मला गप्प केलं.

अभ्यासाला कारण होतं. यजमान गेल्यावर मुलाने बजावलं होतं, शुगर निघाली की गावात एकटीने राहायचं नाही, सरळ पुण्याला यायचं. बाईंनी शब्द दिला होता आणि दिलेला शब्द मोडणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. ओट्यावरची शिकवणी, परसातलं लिंबाचं झाड, येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातून हटकायचा हक्क, सगळं माझ्या लॅबमधल्या त्या आकड्यावर टांगलेलं होतं.

शेवटी डॉक्टरांना शंका आली. उपाशीपोटीची शुगर उत्तम, पण तीन महिन्यांची सरासरी काठावर. त्यांनी ग्लुकोजचं पाणी पाजून करायची तपासणी लिहून दिली, सोबत इन्सुलिनचीही. रक्त द्यायचं, ते गोड पाणी प्यायचं, दोन तास एका जागी बसायचं, मग पुन्हा रक्त द्यायचं. तेवढा वेळ माझी लॅब म्हणजे बोर्डाचं परीक्षा केंद्र झालं. बाकीचे पेशंट मोबाइल खिशात घालून ताठ बसले. उपाशीपोटीच्या तपासणीला आलेला एक व्यापारी म्हणाला, चहा घेतलाय, पण थोडासाच.

"कॉपी बी थोडीशीच असते. उद्या या," म्हणून बाईंनी त्याला परस्पर घरी पाठवलं. माझं गिऱ्हाईक गेलं, पण बोलणार कोण?

आणि बाई नापास झाल्या. दोन तासांनंतरचा आकडा चांगलाच वर गेला होता. डॉक्टरांनी आधीच्या दिवसांत काय जेवलात ते विचारलं. कारल्याचा रस आणि मुगाचं पाणी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. या तपासणीच्या आधी तीन दिवस रोजचं पोटभर जेवायचं असतं. उपाशी ठेवलेल्या शरीराला एकदम एवढी साखर झेपत नाही, आणि नसलेला डायबेटिसही आहेसा दिसतो.

"म्हंजे अभ्यास केला म्हणून नापास?" बाईंच्या अख्ख्या नोकरीत असं घडलं नव्हतं.

भाकरी खाऊन त्या पुन्हा आल्या. या वेळी आकडा मधोमध आला. इन्सुलिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देत नाही, असा प्रकार होता. "घंटी बरोबर वाजून राह्यली, पोरंच वर्गात येऊन नाही राह्यले," बाईंनी ते मलाच समजावून सांगितलं. डायबेटिस नव्हे, त्याच्या आधीची पायरी. सुटले, असं त्यांना वाटलं. मुलगा म्हणाला, आधीची आहे म्हणजे पुढची येणारच, आणि रविवारी गाडी घेऊन दारात उभा राहिला. मी निरोप द्यायला गेले होते.

"काठावरच्या पोराले म्या कधी नापास केलं नाही," बाई त्याला म्हणाल्या. तो बॅगा डिकीत ठेवत राहिला. मला त्याचा राग आला. त्याचं अगदीच चुकत नव्हतं, याचा जास्त आला.

परवा त्यांचा पुण्याहून फोन आला. तिथे रक्त न्यायला माणूस घरी येतो आणि एक शब्द बोलत नाही, ही पहिली तक्रार. मग त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला. शुगर वाढली होती.

"बाई, या वेळी अभ्यास केला नाही?" मी विचारलं.

"नाही केला," त्या म्हणाल्या. "इथं पास होऊन जायचं कुठं, पोरी?"