न धरलेले दोन लाख

आजी फुटबॉल क्लबात होती म्हटलं की नातवंडं विचारतात, "गोलकीपर होतीस?" नाही रे बाबांनो. दुबईतल्या एका क्लबात अकाउंट्सला होते, आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. त्या मोसमात क्लबच्या कमिटीने खेळाडूंवरच्या वर्षाच्या खर्चाला मर्यादा घातली होती. एक दिरहामही वर जायचा नाही. नवा खेळाडू घ्यायचा होता, म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "बाई, गुडघा दुखावलेल्या फॉरवर्डला काढला तर किती सुटतात?" साहेब रत्नागिरीकडचे, माझ्याशी मराठीतच बोलायचे.

फॉरवर्डचा करार तीन वर्षांचा. सहीच्या वेळी तीन लाख दिरहाम बोनस एकरकमी दिलेला, पण मर्यादेच्या हिशेबात दर वर्षी एकच लाख धरायचा. वर पगार ऐंशी हजार. मी ताडकन म्हणाले, "एक लाख ऐंशी हजार सुटतात!" कामवाली गेली की तिचा खर्च संपला, एवढंच माझं शास्त्र. साहेब शाब्बास म्हणाले आणि मी दोन दिवस नाक वर करून फिरले.

तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस. बारा वाजता चेअरमन त्या फॉरवर्डला काढण्याच्या पत्रावर सही करणार होते. साडेअकराला त्याचीच बायको मुलीला घेऊन माझ्यासमोर बसली. शाळेसाठी नवऱ्याच्या पगाराचा दाखला हवा होता. ती कौतुकाने युनिफॉर्मचं सांगत होती. पत्र मीच टाइप केलेलं. नोकरी गेली की व्हिसा रद्द, मग महिन्याभरात तिघांनी देश सोडायचा.

तिच्याकडे बघवेना म्हणून मी फाइलमध्ये तोंड खुपसलं. आत कमिटीच्या नियमांचा कागद होता, जो मी वाचल्यासारखा करून लावून टाकला होता: करार मध्येच मोडल्यास बोनसचा न धरलेला भाग त्याच वर्षात धरावा.

एकच वर्ष सरलेलं. म्हणजे दोन लाख राहिलेले! ठेवला तर एक लाख ऐंशी, काढला तर दोन लाख. वीस हजार दिरहाम जास्त, आणि तेव्हा दिरहामला साडेबारा रुपये. "अडीच लाख रुपये!" मी मोठ्याने ओरडले.

"सॉरी?" ती दचकली.

"वन मिनिट," म्हणून मी चपला फटफटवत जिना चढले. बाराला सात कमी. साहेब पत्र घेऊन चेअरमनच्या दारात उभे.

"साहेब, थांबा. काढला तर खर्च वाढतोय."

"मंगळवारी तर सुटतात म्हणालात!"

"मंगळवारी मी शहाणी होते."

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग एकटेच आत गेले. मी दारावरच्या पितळी मुठीकडे बघत उभी. किती वेळ, देव जाणे.

बाहेर आले ते पत्र माझ्या हातात कोंबत. सही नव्हती.

"खलास. टाइप तुम्ही केलंत, फाडाही तुम्हीच. आणि बाई, पुढच्या वेळी आधी वाचा, मग नाक वर करा."

खाली येऊन मी दाखला टाइप केला. घाईघाईत शिक्का उलटा बसला. मुलीने तो बघितला, आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खुदकन हसल्या.

मी दुसरा दाखला केला. सुलटा.